विणकरांच्या तोंडची लाउदा

१५ एप्रिल १२८५ रोजी फ्लॉरेन्समध्ये एक करार झाला. एका बाजूला सिएनाचा चित्रकार दुच्चो, दुसऱ्या बाजूला सान्ता मारिया नोव्हेल्ला या डोमिनिकन चर्चमधल्या एका मंडळाचे कारभारी. मंडळाने दुच्चोच्या हवाली एक भलीमोठी लाकडी फळी केली. तिच्यावर बाळ येशूला मांडीवर घेतलेली मरियम रंगवायची. सोनं आणि निळा रंग चित्रकाराने पदरचा घालायचा आणि त्याला १५० लिरा मिळायचे. चित्र मनासारखं उतरलं नाही तर मंडळ पैसे देणार नाही, फळी चित्रकाराने खुशाल ठेवून घ्यावी. साडेचार मीटर उंचीचं ते चित्र आज उफ्फीत्सी संग्रहालयात आहे आणि ‘रुचेल्लाई मॅडोना’ या नावाने युरोपीय चित्रकलेच्या कुठल्याही इतिहासात त्याला मानाचं पान असतं. ज्यांनी ते करवून घेतलं त्यांच्या वाट्याला मात्र तिथे जेमतेम एखादी ओळ येते. ते गाणारे लोक होते. संध्याकाळी जमून आपल्या बोलीत मरियमेची स्तुती गाण्यासाठी त्यांनी हे मंडळ काढलं होतं, आणि जिच्यापुढे उभं राहून गायचं तिचं रूप डोळ्यांसमोर हवं म्हणून हा खर्च केला होता.

या स्तुतिगीतांना लाउदा म्हणत आणि ती गाणाऱ्यांना लाउदेसी. संगीताचे इतिहासकार लाउदेची गोष्ट संतांपासून सुरू करतात आणि ते चूक नाही. पण संतांनी पेटवलेल्या अशा कितीतरी गोष्टी त्यांच्यामागे विझून गेल्या. लाउदा पाच शतकं टिकली, कारण लोकर विंचरणाऱ्यांनी, विणकरांनी आणि दुकानदारांनी तिची व्यवस्था लावली. वर्गणी बसवली, वह्या ठेवल्या, मेणबत्त्यांचा हिशेब ठेवला. मला या गाण्याइतकंच त्याच्यामागचं हे हिशेबी प्रेम मोलाचं वाटतं.

तेराव्या शतकातल्या इटलीत चर्चमधली मिस्सा लॅटिनमध्ये चाले आणि गाणं धर्मगुरूंचं असे. बाजारात, घरात, अंगाईत जी भाषा होती ती वेदीपर्यंत पोचत नव्हती. तिला धीटपणे देवापुढे नेणाऱ्यांत असिसीचा फ्रान्सिस पहिल्या रांगेतला. १२२५च्या सुमारास, जवळजवळ आंधळा झालेला, दुखण्याने पिचलेला हा माणूस असिसीबाहेरच्या सान दामियानोत राहत होता. तिथे त्याने उंब्रियाच्या बोलीत सूर्याला भाऊ आणि चंद्राला बहीण म्हणणारं गीत रचलं, त्याला चाल लावली आणि सोबत्यांना शिकवली. आपल्या माणसांनी देवाचे भाट होऊन गावोगाव गात जावं असं त्याला वाटे. असिसीचा बिशप आणि नगरप्रमुख यांचं हाडवैर पेटलं होतं, तेव्हा फ्रान्सिसने या गीतात क्षमेचं एक कडवं वाढवलं आणि ते दोघांसमोर गाऊन घेतलं. ते ऐकून त्यांनी वैर सोडलं, असं त्याच्या सोबत्यांनी लिहून ठेवलं आहे. असिसीच्या एका जुन्या हस्तलिखितात या गीताच्या पहिल्या ओळींवर स्वर लिहिण्यासाठी जागा राखलेली आहे. ती जागा कोरीच राहिली आणि फ्रान्सिसची चाल गेली.

फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १२३३ साली, उत्तर इटलीत शांतीची एक लाट उसळली. तिला लोक ‘आलेलुया’ म्हणत. गावागावांतली भांडणं मिटवली जात होती, मुलंमाणसं हिरव्या फांद्या आणि मेणबत्त्या घेऊन मिरवणुकीने निघत होती. पार्मा शहरात तेव्हा बारा वर्षांचा असलेला सालिम्बेने पुढे फ्रान्सिस्कन साधू झाला आणि त्याने आपल्या बखरीत हे डोळ्यांनी पाहिलेलं लिहिलं. बेनेदेत्तो नावाचा एक साधाभोळा, न शिकलेला माणूस तिथे येई. लांब काळी दाढी, अंगात काळा झगा, झग्यावर पुढे-मागे मोठा लाल क्रूस, हातात धातूची छोटी तुतारी. बिशपच्या वाड्याचं बांधकाम चाललं होतं, त्याच्या भिंतीवर तो उभा राही. तुतारी फुंकी, मग लोकभाषेत देवपित्याच्या स्तुतीची एक ओळ म्हणे. खाली जमलेली पोरं तीच ओळ मोठ्याने परत म्हणत. मग पुत्राची ओळ, मग पवित्र आत्म्याची. लाउदा कशी पसरली असेल हे मला या एका प्रसंगात जितकं स्पष्ट दिसतं तितकं कुठल्याही संगीतशास्त्राच्या ग्रंथात दिसत नाही. एकाने सांगायचं, सगळ्यांनी उचलायचं. लिहिता-वाचता येण्याची गरजच नाही.

१२६० सालची लाट वेगळी होती, काळोखी. फियोरेच्या योआकिम या मठाधिपतीच्या भाकितांवरून त्या वर्षी जगाचं नवं युग उघडणार, अशी बोलवा होती. पेरुजात रानियेरो फासानी याच्यामागे लोक उघड्या अंगावर चाबकाचे फटके मारून घेत रस्त्याने निघाले आणि शरद ऋतूपर्यंत ते लोण बोलोन्या आणि पुढे आल्प्सपर्यंत गेलं. त्याच वर्षी सप्टेंबरात मोन्तापेर्तीच्या लढाईत सिएनाने फ्लॉरेन्सचा धुव्वा उडवला. प्रायश्चित्त घेणारे हे लोक चालताना गात, आणि लाट ओसरल्यावर त्यांचीही मंडळं बनली. अंगावर फटके घेणाऱ्यांची ती दिशिप्लिनाती. त्यांच्या लाउदा क्रूसावरच्या यातनांच्या, शोकाच्या, आणि हळूहळू संवादाच्या झाल्या: एकाने मरियम व्हायचं, एकाने योहान. उंब्रियात या मंडळांच्या सामानाच्या याद्यांत देवदूतांचे पंख आणि वेषभूषा नोंदलेल्या सापडतात. इटालियन धार्मिक नाटकाचा उगम तिथे आहे.

केवळ गाण्यासाठी निघालेली मंडळं तोस्कानातली. सिएनात डोमिनिकन साधूंच्या आश्रयाखालच्या मंडळाला १२६७ साली बिशपने मान्यता दिली. लाउदेसींचा हा सर्वांत जुना ठाम पुरावा. यामागे चर्चचा हेतूही होता. फ्लॉरेन्समध्ये कॅथार पाखंडाचा जोर होता आणि १२४४-४५मध्ये वेरोनाचा पेत्रुस हा डोमिनिकन प्रवचनकार त्याविरुद्ध लोकांना संघटित करून गेला होता. मरियमेची स्तुती गाणारा माणूस येशूच्या मानवी जन्मावर शंका घेणाऱ्यांच्या नादी लागणार नाही, हा त्यातला विचार. म्हणून बिशप आणि पोप अशा मंडळांना सवलती देत: गायला आलात तर पापाच्या शिक्षेत इतक्या दिवसांची सूट. पण सूट मिळते म्हणून माणसं पिढ्यान्‌पिढ्या रोज येत नाहीत. त्यांना तिथे काहीतरी आपलं सापडलेलं असतं.

फ्लॉरेन्समध्ये बघता बघता प्रत्येक मोठ्या चर्चला आपापलं लाउदेसी मंडळ जोडलं गेलं. डोमिनिकनांकडे सान्ता मारिया नोव्हेल्ला, फ्रान्सिस्कनांकडे सान्ता क्रोचे, ऑगस्टिनियनांकडे नदीपलीकडचं सान्तो स्पिरितो, कार्मेलाइटांकडे कार्मिने, आणि खुद्द कॅथीड्रलमध्ये सान झेनोबीचं मंडळ. आपल्याकडच्या भजनी मंडळासारखंच हे प्रकरण होतं असं म्हटलं तर फारसं बिघडत नाही. फक्त कारभार व्यापारी शहराचा, त्यामुळे कागद पक्का. दोन-तीन कप्तान ठराविक महिन्यांसाठी निवडले जात. खजिनदार असे, वस्तू सांभाळणारे असत. गैरहजेरी, शिवीगाळ, जुगार यांबद्दल नियमपुस्तकात कलमं होती. आजारी सभासदाला भेटायचं, मेलेल्याला खांदा द्यायचा, त्याच्या आत्म्यासाठी गायचं, हेही नियमातच.

संध्याकाळची शेवटची प्रार्थना उरकून साधू निघून गेले की चर्च या लोकांचं होई. दिवसभर लोकरीच्या तेलात हात माखलेली माणसं आपल्या वेदीपुढे जमत. तिथल्या मेणबत्त्या पेटत, पोथीच्या उंच पीठावर कापड घातलं जाई, पोथी उघडली जाई. गाणाऱ्यांपैकी एक किंवा दोघं कडवं म्हणत आणि पालुपद सगळे मिळून. मग प्रार्थना, पापांची कबुली, मृत सभासदांची नावं. सणाच्या दिवशी पेटत्या मेणबत्त्या हातात धरून मिरवणूक. मेणाचा खर्च सर्वांत मोठा, म्हणून वह्यांत मेण पदोपदी येतं: किती पौंड आणलं, किती जळलं, उरलेलं वितळवून परत किती झालं. नवीन गीतं शिकायला रविवारी दुपारी तालीम असे.

बोकाच्चोच्या ‘देकामेरोन’मध्ये, सातव्या दिवसाच्या पहिल्या कथेत, यातला एक माणूस आपल्याला भेटतो. जान्नी लोत्तेरिंगी हा लोकरीच्या सुताचा कारागीर. सान्ता मारिया नोव्हेल्लाच्या लाउदेसींचा कप्तान म्हणून त्याला वारंवार निवडतात आणि त्याला त्या मानाचा फार अभिमान. साधूंना तो जेवू घालतो, ते त्याला लोकभाषेतल्या प्रार्थना आणि गीतं देतात. बायको त्याला फसवते, अशी ती कथा. बोकाच्चोने त्याची थट्टा केली आहे, पण त्या थट्टेतून एक गोष्ट पक्की होते: चौदाव्या शतकाच्या मध्यावर फ्लॉरेन्समधल्या कुठल्याही वाचकाला ‘लाउदेसींचा कप्तान’ म्हटलं की तसा एखादा शेजारी लगेच आठवत होता.

ते गात काय होते, हे कळायला आज स्वरांसकट टिकलेली दोनच मोठी हस्तलिखितं आहेत. पहिलं कोर्तोना या डोंगरमाथ्यावरच्या गावातलं. तिथल्या सान फ्रान्चेस्को चर्चच्या मंडळाची ही पोथी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिली गेली. पुढे ती विस्मरणात गेली, आणि १८७६ साली जिरोलामो मान्चिनी या गावातल्या इतिहासकाराने ती उजेडात आणली. आज ती कोर्तोनाच्या ग्रंथालयात ९१ क्रमांकाखाली आहे. चर्मपत्राची साधी, वापरातली पोथी. तिच्यात ६६ गीतं आहेत आणि त्यांतल्या ४६ गीतांना स्वर लिहिलेले आहेत. आधी मरियमेची गीतं, मग नाताळपासून वर्षभराच्या सणांची. पालुपद आणि पहिलं कडवं यांच्या डोक्यावर चौकोनी स्वरचिन्हं, खालची कडवी नुसत्या अक्षरांत, कारण चाल तीच. एका अक्षराला बहुधा एकच स्वर, कुठे दोन-तीन. चाल पायरी पायरीने चढते, पायरी पायरीने उतरते, आणि कडव्याची शेवटची ओळ पालुपदाच्या यमकावर येऊन थांबते. त्यामुळे कडवं कधी संपणार आणि आपण कधी उचलायचं, हे पहिल्यांदाच आलेल्या माणसालाही कानानेच कळतं. ज्याने ही रचना घडवली त्याला समुदाय कसा गातो हे नेमकं ठाऊक होतं. काही गीतांत गार्झो नावाच्या कवीने आपलं नाव गुंफलं आहे. हा पेत्रार्काचा पणजोबा असावा असं काही अभ्यासक मानतात.

दुसरी पोथी फ्लॉरेन्सची, सान्तो स्पिरितोच्या मंडळाची, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातली. ती हातात घेताच शहर बदलल्याचं कळावं अशी: सोन्याचा मुलामा, रंगीत चित्रं, स्वरांसकट ऐंशीच्या वर गीतं. कोर्तोनातली काही गीतं इथेही आहेत, पण चालींना नक्षी फुटलेली आहे. एकाच अक्षरावर स्वरांची लांब माळ, वर जाऊन खाली झुलत येणारी. ऐकायला देखणी. पण दिवसभर माग चालवून आलेल्या माणसाला ही नक्षी सहज जमणारी नव्हती. इथे गाणं पट्टीच्या गायकाकडे सरकलेलं आहे.

मंडळांच्या हिशेबवह्या नेमकी हीच गोष्ट सांगतात. चौदाव्या शतकात गायकांना पगार सुरू झाले. हे गायक बहुतेक कारागीरच होते, पण आता महिन्याकाठी मोबदला घेऊन सणावारी आणि रविवारी गाणारे. त्यांच्या जोडीला व्हिएला, ल्यूट, हार्प वाजवणारे आले. पैसा मृत्युपत्रांतून येत होता: माझ्या नावाने दर वर्षी अमुक दिवशी लाउदा गायली जावी, त्यानंतर साधूंना जेवण द्यावं, त्यासाठी हे शेत किंवा हे घर. दान वाढलं तसं गाण्याचं कंत्राट वाढलं. मंडळाचा सभासद गाणाऱ्याचा ऐकणारा झाला, पैसे भरणारा झाला. याला ऱ्हास म्हणावं की प्रगती? फ्लॉरेन्सच्या पोथीतलं सौंदर्य खरं आहे आणि ते या पैशानेच आणलं. तरी कोर्तोनाच्या पानांवर ज्या समुदायाचा श्वास लागतो, तो मला सोन्याच्या पानांवर लागत नाही. माझं मन कोर्तोनाकडे झुकतं.

पैशाचं टोक दिसतं ओर्सानमिकेलेत. ही मुळात धान्यबाजाराची उघडी ओसरी. तिच्या एका खांबावर मरियमेचं चित्र होतं आणि १० ऑगस्ट १२९१ रोजी तिथे लाउदेसी मंडळ स्थापन झालं. दिवसा गव्हाचा भाव आणि संध्याकाळी त्याच खांबापुढे गाणं. पुढच्याच वर्षी त्या चित्रापुढे आजारी बरे होत असल्याची वार्ता उठली. बखरकार जोवान्नी विल्लानी लिहितो की गर्दी लोटली आणि डोमिनिकन व फ्रान्सिस्कन साधूंनी मात्र त्यावर विश्वास ठेवला नाही. १३०४च्या आगीत ती ओसरी जळाली. नवी इमारत १३३७पासून उभी राहिली, बेर्नार्दो दाद्दीने १३४७मध्ये नवं चित्र रंगवलं. आणि पुढच्या वर्षी प्लेग आला. माणसं मरताना आपलं सगळं ओर्सानमिकेलेच्या मरियमेला, म्हणजे तिच्या नावे गरिबांना वाटण्यासाठी, ठेवून गेली. मात्तेओ विल्लानीने तो आकडा साडेतीन लाख फ्लोरिनांच्या वर सांगितला आहे आणि कप्तानांनी तो पैसा ज्या प्रकारे वापरला त्याबद्दल संतापही व्यक्त केला आहे. गरीब तर आधीच मेले होते. ओर्कान्याने १३५९मध्ये पुरा केलेला संगमरवरी मंडप आजही तिथे दाद्दीच्या चित्राला वेढून आहे.

या मंडळी-कारभारात न बसणारा एकच मोठा कवी, तोदीचा याकोपोने. वकिली-कारकुनी करणारा सुखवस्तू माणूस. एका समारंभात बायको मेली, तिच्या भरजरी कपड्यांखाली अंगाला टोचणारं काथ्याचं वस्त्र निघालं आणि तो सगळं सोडून रस्त्यावर आला, अशी आख्यायिका आहे. १२७८च्या सुमारास तो फ्रान्सिस्कन झाला. फ्रान्सिसच्या दारिद्र्यव्रताला जराही मुरड घालू न देणाऱ्यांचा पक्ष त्याने धरला. पोप आठवा बोनिफास याची निवड अवैध आहे, असं सांगणाऱ्या १२९७च्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. पोपच्या विरोधकांचा पालेस्त्रिना हा गड पडल्यावर तो पकडला गेला आणि १३०३मध्ये बोनिफास मरेपर्यंत तळघरात कैदेत राहिला. १३०६ साली तो गेला. त्याच्या नव्वदेक लाउदांत पोपवरचा जहरी राग आहे, देवासाठी झालेलं वेड आहे, आणि मरियम व तिच्या क्रूसावरच्या मुलाचा असा संवाद आहे की दिशिप्लिनातींची सगळी शोकनाट्यं त्याच्यापुढे फिकी पडावीत. त्याच्या चाली गेल्या, पण शब्द मंडळांच्या पोथ्यांत शिरले.

पंधराव्या शतकात सोन्याच्या पोथ्या मागे पडल्या आणि गाणं पुन्हा रस्त्यावर आलं. आता कवी नुसते शब्द लिहीत आणि वर सूचना देत: अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावं. ते अमुक गाणं बहुधा प्रेमगीत किंवा कार्निव्हलचं असे. फेओ बेलकारीने अशा कितीतरी लाउदा लिहिल्या. लोरेन्झो दे मेदिची एका हाताने कार्निव्हलची गाणी आणि दुसऱ्या हाताने लाउदा लिहीत होता. त्याची आई लुक्रेत्सिया तोर्नाबुओनी हिची नाताळची लाउदा पोलित्सियानोच्या मे महिन्याच्या स्वागतगीताच्या चालीवर म्हटली जाई. डोमिनिकन प्रवचनकार सावोनारोला याला अनेक आवाजांच्या गुंतागुंतीच्या संगीताचा तिटकारा होता, पण लाउदा त्याने उचलली. १४९७च्या कार्निव्हलात गंजिफा, आरसे, मुखवटे यांची भर चौकात होळी पेटली तेव्हा तिच्याभोवती शहरातली पोरं लाउदा गात होती. पुढच्या वर्षी २३ मे रोजी त्याच चौकात सावोनारोलाला फाशी देऊन जाळलं. त्याच्या सान मार्को मठातल्या सेराफिनो रात्सी या साधूने १५६३मध्ये व्हेनिसला लाउदांचा संग्रह छापला आणि कार्निव्हलच्या कित्येक चाली त्यामुळेच वाचल्या.

सान मार्कोच्या साधूंच्या सहवासात वाढलेला फिलिप्पो नेरी हा फ्लॉरेन्सचा मुलगा रोमला गेला आणि तिथे दुपारच्या प्रार्थनासभांत लाउदा गाऊन घेऊ लागला. त्याच्यासाठी त्या रचणारा जोवान्नी आनिमुच्चा हाही फ्लॉरेन्सचाच, सेंट पीटर्सच्या गायकवृंदाचा प्रमुख. या सभा ज्या प्रार्थनागृहात भरत त्याच्या नावावरून पुढे ऑरेटोरिओ हा संगीतप्रकार ओळखला गेला. तिकडे फ्लॉरेन्सची जुनी मंडळं १७८५पर्यंत तग धरून होती. त्या वर्षी तोस्कानाचा ग्रँड ड्यूक पिएत्रो लेओपोल्दो याने धार्मिक मंडळं बरखास्त केली, मालमत्ता ताब्यात घेतली. वह्या सरकारी दप्तरात गेल्या आणि म्हणून आपल्याला मेणाचे भाव ठाऊक आहेत. पोथ्यांचं नशीब तेवढं बरं नव्हतं. कार्मिनेतल्या सान्त आन्येसे मंडळाची १३४०च्या सुमाराची पोथी, पाचीनो दि बोनागुइदाने रंगवलेली, पानं सुटी करून विकली गेली. तिची पानं आज युरोप-अमेरिकेतल्या संग्रहालयांत विखुरलेली आहेत, चित्रं म्हणून भिंतीवर टांगलेली.

कोर्तोना आणि फ्लॉरेन्सच्या चाली आधुनिक स्वरलिपीत पहिल्यांदा समग्र आणल्या त्या फेर्नान्दो लिउत्सी याने, १९३५च्या सुमारास, दोन जाडजूड खंडांत. त्याची अडचण मूळचीच होती. चौकोनी चिन्हं स्वर कोणता ते सांगतात, तो किती लांबवायचा ते सांगत नाहीत. गाणाऱ्यांना ते पाठ होतं, मग लिहायचं कशाला? लिउत्सीने सगळ्या ओळी चार-चार मात्रांच्या सारख्या चौकटीत बसवल्या, कोर्तोनातल्या साध्या आणि फ्लॉरेन्समधल्या नक्षीदार दोन्ही. पुढच्या अभ्यासकांनी त्यावर कडक टीका केली आणि ती बरोबर होती. पण १९३८च्या वंशभेदी कायद्यांनी ज्यू म्हणून विद्यापीठातून बाहेर काढलेल्या आणि दोनच वर्षांनी वारलेल्या या माणसाने ती पानं छापली नसती, तर टीका करायला काही हातात नसतं. आज कोणी कोर्तोनाची गीतं नाचाच्या ठेक्यात गातं, कोणी ग्रेगोरियन गायनासारखी सपाट, कोणी डफ आणि व्हिएला घेऊन. शब्दावरचा आघात जिथे पडतो तिथे स्वर टेकवणारे, आणि पालुपदाला श्रोत्यांना सामील करून घेणारे गायक मला सर्वांत पटतात. चाल लावणाऱ्याने मांडणी तरी त्यासाठीच केली होती.